तीन टिंबांचा बिल्ला

माझ्याकडे येणाऱ्या माणसाला 'खरा आहे' एवढंच ऐकायचं असतं. मी बहुतेकांना 'खोटा आहे' असं सांगतो. त्यामुळे हिंगोलीत माझ्याबद्दल लोक फार चांगलं बोलत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. घड्याळ आता कोणी दुरुस्त करत नाही. सेल बदलून घेतात, फार तर पट्टा. उरलेल्या वेळात मी लढाईच्या काळातले लष्करी बिल्ले तपासतो. दुसऱ्या महायुद्धात आमच्या भागातले पुष्कळ लोक पलटणीत गेले. कोणी ब्रह्मदेशात गेला, कोणी आफ्रिकेत. जे परत आले त्यांच्या टोपीवरचे पितळी बिल्ले घरोघरी ट्रंकेत नाहीतर देवळीत पडून राहिले. दुकान नवीन होतं तेव्हा एका गिऱ्हाइकाने दाखवलेला असा एक बिल्ला मी सहज भिंगाखाली धरला. तेव्हापासून माझं डोकं फिरलं, असं माझी बायको म्हणते. ती हे चारचौघांत म्हणते.

काम तसं अवघड नाही. खरा बिल्ला पितळेच्या पत्र्याचा असतो. ठशाखाली ठेवून त्यावर दणका दिलेला असतो, म्हणून पुढून जे उठून दिसतं ते मागून तसंच खोल गेलेलं असतं. कडा अशा की नखाला लागतात. नकली बिल्ला ओतलेला असतो. खऱ्या बिल्ल्याचा मातीत साचा घ्यायचा आणि त्यात पितळ ओतायचं. ओतलेल्या पितळेवर भिंगातून बारीक रवा दिसतो, कडा बोथट होतात, आणि पितळ थंड होताना आकसतं म्हणून नकली बिल्ला खऱ्यापेक्षा केसभर लहान भरतो. आता लढाईच्या धामधुमीत आपल्याकडे काही बिल्ले ओतारी लोकांकडूनही करून घेतले होते, त्यामुळे ओतीव म्हणजे खोटाच असं डोळे झाकून म्हणता येत नाही. हा बारकावा मी गिऱ्हाइकाला सांगत नाही. सांगितला की त्याचा बिल्ला हमखास तसलाच निघतो.

कनेरगाव नाक्यावर एका ढाबेवाल्याने गल्ल्यामागे चौकटीत एक बिल्ला लावला होता. आजोबा इटलीत लढले, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. त्याने मला विचारलं. मी सांगितलं, हा लग्नातल्या बँडवाल्याच्या टोपीचा आहे, यावर पिपाणी आहे. त्या दिवसापासून त्याने मला जेवताना कांदा दिलेला नाही. मागितला तर संपला म्हणतो. शेजारच्या टेबलावर कांदा असतो.

माझ्या स्वतःच्या संग्रहात एक बिल्ला सगळ्यांत वर होता. दुकानातल्या काचेच्या कपाटात वरच्या खणात, निळ्या मखमलीवर. ठशाचा, अस्सल, टोपीला अडकवायच्या मागच्या दोन्ही कड्या शाबूत. खाली जी अक्षरांची पट्टी असते तिच्यावर तीन खोल टिंबं होती. त्याच्याखाली मी पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहून ठेवलं होतं : 'ब्रह्मदेशच्या आघाडीवर छर्रे लागलेला बिल्ला'. त्याचा फोटो पेपरात आला होता. शाळेची सहल दुकानात आली तेव्हा छर्ऱ्यांची हकिगत ऐकून एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बघून मलाही बरं वाटलं. तीन छर्रे एका ओळीत, सारख्या अंतरावर कसे लागतील, असं कोणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही. दुसऱ्याच्या बिल्ल्यावरचा रवा मला लांबून दिसतो.

गेल्या वर्षी आखाडा बाळापूरच्या पुढच्या एका गावाने ठरवलं की आपल्या गावातून महायुद्धात गेलेल्यांची नावं दगडावर कोरायची. गावाचं नाव मी सांगणार नाही, कारण तिथे मला आता चहा मिळत नाही आणि त्यात भर नको. ग्रामपंचायतीने पाच जणांची समिती नेमली. समितीने नियम केला : ज्याच्या घरी पलटणीचा कागद असेल त्याचं नाव लागेल, कागद नसेल तर बिल्ला किंवा मेडल दाखवायचं. आठ दिवसांत गावात इतके बिल्ले निघाले की तेवढ्या माणसांत ब्रह्मदेश एकट्या त्या गावाने जिंकला असता. काही कुरिअरच्या खोक्यातून थेट समितीसमोर आले होते. मग कोणीतरी माझं नाव सुचवलं. ठरलं असं, की बिल्लेवाल्यांनी हिंगोलीला जायचं आणि माझी चिठ्ठी आणायची.

त्या महिन्यात मी धडाधड चिठ्ठ्या लिहिल्या. एकाचा बिल्ला शाळेतल्या एनसीसीचा निघाला, एकाचा पुण्यातल्या वॉचमनचा. एकाने आणलेल्या बिल्ल्यावरची अक्षरं उलटी होती. त्याला मी आरसा दाखवला, तर तो म्हणाला, "दुश्मनाला वाचता येऊ नये म्हणून असंल." मी चिठ्ठीवर 'खोटा' लिहिलं. त्याने ती माझ्यासमोर फाडली आणि दुसरी मागितली.

अशात एक दिवस दुपारी एक म्हातारी दुकानात आली. पांढरं नऊवारी, हातात कापडी पिशवी. पंच्याहत्तरीच्या पुढची असेल, पण पायऱ्या कोणाचा हात न धरता चढली.

"जय भीम, भाऊ," म्हणाली.

"जय भीम, मावशी. बसा."

ती बसली नाही. पिशवीतून फडकं काढलं, फडक्यातून बिल्ला काढला आणि काउंटरवर ठेवला. "माझ्या बाचा. ब्रह्मदेशात व्हता. कागद वाळवीनं खाल्ला."

बिल्ला चकचकीत होता. नुकताच चिंचेने घासलेला दिसत होता. मी तो भिंगाखाली धरला. मला अर्धं मिनिटही लागलं नाही. रवा, बोथट कडा, मागे कड्यांऐवजी डाग देऊन बसवलेली पिन. मी सवयीने चिठ्ठीचं पुस्तक पुढे ओढलं.

"खोटा आहे, मावशी."

बहुतेक लोक इथे आवाज चढवतात. तिने चढवला नाही. "कशावरून?" एवढंच म्हणाली.

असं शांतपणे कोणी विचारत नाही, त्यामुळे मला जरा उत्साह आला. मी तिला भिंग दिलं आणि पेन्सिलीच्या टोकाने दाखवायला लागलो. हा रवा पाहा. ही कड पाहा, बोट फिरवा, लागत नाही. आणि हे खाली पट्टीवर खड्डे आहेत ना, खरा असता तर यांचे काठ धारदार असते, हे बघा कसे लोण्यासारखे...

इथे मी थांबलो. खड्डे तीन होते. एका ओळीत, सारख्या अंतरावर.

मी मान मागे वळवली नाही, कारण माझ्या मागेच कपाट होतं. साच्यातून ओतलेला बिल्ला मूळ बिल्ल्याचं सगळं उचलतो, नक्षी उचलतो तसे घावही उचलतो. त्यात शंकेला जागा नसते. माझ्या हातातला बिल्ला कपाटातल्या बिल्ल्यावरून ओतलेला होता.

"हे खड्डे कशाचे?" मी विचारलं. "छर्ऱ्यांचे?"

"छर्रे कशाचे भाऊ," ती म्हणाली. "बाला लिवता येत नव्हतं. लेकरू झालं की ह्याच्यावर खिळा ठेवून एक हातोडी हाणायचा. पयलं टिंब माझं. मधलं पोरगं गेलं आमचं, दीड वर्साचं असताना. तिसरं धाकट्याचं."

माझ्या पुठ्ठ्यावर लिहिलेलं तिला वाचता येत होतं की नाही, मला माहीत नाही. ती कपाटाकडे बघत होती एवढं खरं. बराच वेळ बघत होती. मग तिने बिल्ला फडक्यात गुंडाळला आणि म्हणाली, "चिठ्ठी आज नका लिवू. मंगळवारी बैठक हाय. तवर इचार करा." आणि गेली.

मी कपाट उघडून दोन दिवस तो बिल्ला नुसता हातात घेऊन बसलो. मला आठवत होतं सगळं. पस्तीसेक वर्षांपूर्वी एक तरणा माणूस आला होता, नवीन शर्ट, तेल लावून बसवलेला भांग. घरात पडलेला आहे, कोणाला नको, म्हणाला होता. बदल्यात मी त्याला चावीचं घड्याळ दिलं होतं आणि आपण त्याला भारी गंडवलं या आनंदात त्या रात्री घरी बासुंदी आणली होती. आता बायकोला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्हाला पितळ ओळखता येतं, एवढंच." हे तिने चारचौघांत म्हटलं नाही, म्हणून जास्त लागलं.

रविवारी मी मोटारसायकल काढली आणि त्या गावाला गेलो. म्हातारी घराच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी खिशातून बिल्ला काढून तिच्या हातावर ठेवला. तिने तो डोळ्यांनी पाहिलाच नाही. अंगठा फिरवला, पट्टीवरून, एक, दोन, तीन. तिसऱ्यावर थांबली.

"टोचतं," ती म्हणाली.

"मावशी, तुम्हाला ठाऊक होतं? तुमच्याकडचा खोटा आहे म्हणून?"

"पयल्याच सांजंला वाटलं व्हतं, जयंतीला घासला तव्हा पक्कं कळलं. आमी दर जयंतीला चिंच न् राख लावून घासतो ह्याला. हा पिवळा निघायचा. तो दुसरा लाल पडतो, न् चार दिसांत काळा. मी तर लहानपणापासून घासून राह्यले, मला कळंना व्हय?"

पस्तीस वर्षं मी भिंग लावून जे करत होतो ते ही बाई चिंच लावून करत होती. मला लाज वाटली, पण ती अजून पुरेशी वाटायची होती.

"कोणी बदलला ते?"

"तेबी ठाऊक हाय. धाकटा भाऊ माझा. ओताऱ्याकडून असाच एक करून आणला न् जागी ठिवला. शाळंत नौकरी लागली तव्हा त्याला मनगटात घड्याळ पायजे व्हतं. सगळ्या मास्तरांच्या हातात होतं, याच्याच न्हाई. घड्याळाच्या डबीवर तुमच्या दुकानाचं नाव व्हतं, भाऊ. डबी मी अजून ठिवली. त्यात सुया ठिवते."

म्हणजे बिल्ला कुठे आहे हे तिला पस्तीस वर्षं माहीत होतं. हिंगोलीला ती दवाखान्यात आली असेल, बाजाराला आली असेल, माझ्या दुकानासमोरून गेली असेल. आत कधी आली नाही.

"काहून आला नाहीत?" मी विचारलं. मी रागावलो होतो. कोणावर, ते मला धड कळत नव्हतं.

"आले असते तर त्याचं नाव निघालं असतं. सव्वीस-सत्तावीसचं पोरगं, नवी नौकरी. बा जिता व्हता, डोळ्यानं अधू. गावात तोंड दाखवायला जागा राह्यली नसती त्याला." तिने शेंगेतले दाणे सुपात टाकले. "त्याला ठाऊक न्हाई, मला ठाऊक हाय ते. सांगूबी नका."

मी म्हणालो, सोपं आहे, मंगळवारी मी खरा बिल्ला समितीपुढे ठेवतो, दगडावर तुमच्या वडलांचं नाव लागेल.

"तुमच्याकडं कसा आला ते इचारतील. पेपरात फोटू आला व्हता याचा."

"मग जे आहे ते सांगेन."

"समितीत तोच हाय," ती म्हणाली. "गुरुजी. नियम त्यानंच केला. कागद न्हाई तर बिल्ला, न् माझ्या बापालाबी तोच नियम. तव्हा त्याला वाटलं, बिल्ला बघून लोक मान डोलवतील. तुमचं नाव मागून निघालं. तव्हापासून जेवण जाईना त्याला."

ती मला घोळात घेत होती हे मला दिसत होतं. मी स्पष्ट सांगितलं, की मावशी, मी खोटं बोलत नाही. धंदाच माझा तो आहे. ढाब्यावर कांदा मिळत नाही पण मी खोटं बोललेलो नाही.

"मंग नका बोलू," म्हातारी म्हणाली. बिल्ला तिने माझ्या हातावर परत ठेवला. "घिऊन जा. नाव न्हाई लागलं तर न्हाई. बा गेला, त्याला काय वाचायचंय. याला अजून गावात राहायचंय." मग उठली, आत गेली आणि माझ्यासाठी चहा घेऊन आली. चहा पिताना आम्ही तुरीच्या भावाबद्दल बोललो.

मोटारसायकलवरून परत येताना डोंगरकडा गावाच्या फाट्यावर मी थांबलो आणि उगीच पंक्चर तपासलं. पंक्चर नव्हतं. मला त्या गुरुजीचा इतका संताप आला होता की रस्त्याकडेला उभं राहून मी त्याला दोन-चार शिव्या दिल्या. एका म्हशीशिवाय कोणी ऐकल्या नाहीत. घरी आलो तर संताप त्याच्यावरून हळूहळू माझ्यावर यायला लागला. घड्याळासाठी आपल्या बापाचा बिल्ला बदलून देणारा पोरगा एक वेळ समजतो. पण ते पोरगं काउंटरवर उभं असताना मी त्याला विचारलं नव्हतं की हा कोणाचा आहे. विचारलं असतं तर त्याने खोटं सांगितलं असतं, आणि खोटं ओळखणं ही तर माझी विद्या. म्हणून मी विचारलं नाही.

मंगळवारी सकाळी अकराला बैठक होती, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये. लांब टेबलामागे समिती बसली होती. मध्ये सरपंच, आणि टोकाला वही उघडून लिहायला बसलेले गुरुजी. साठी ओलांडलेले, बारीक अंगाचे, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. मी आत आलो तसं त्यांनी डावा हात टेबलाखाली घेतला. नंतर शेवटपर्यंत त्यांनी एकाच हाताने वही सांभाळून लिहिलं, आणि वही सारखी सरकत होती. समोर सतरंजीवर गाव बसलं होतं. म्हातारी बायकांच्या बाजूला भिंतीला टेकून होती.

मी एकेक निकाल वाचायला लागलो. प्रत्येक 'खोटा'ला वाद झाला. ढाबेवाल्याकडे होता तसा बँडवाल्याचा एक बिल्ला इथेही होता. त्याच्या मालकाने मला विचारलं, तुम्ही लढाईला गेला होता का. मी नाही म्हणालो. मग तुम्हाला काय कळतं, असं त्याचं म्हणणं पडलं, आणि बऱ्याच लोकांना ते पटलं. उलट्या अक्षरांच्या माणसाने आरसा सोबत आणला होता. दोन बिल्ले खरे निघाले, तर लोकांनी त्यावरही वाद घातला, की हे दोनच कसे खरे. तासभर हे चाललं. गुरुजींनी सगळं लिहून घेतलं. शेवटी त्यांनी आपल्या बापाचं नाव पुकारलं. आवाज फुटला म्हणून परत पुकारलं.

मी खिशातून बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

"हा खरा आहे," मी म्हणालो. "ठशाचा आहे, त्या काळातला आहे, ब्रह्मदेशात गेलेल्या पलटणीचा आहे. खाली तीन टिंबं आहेत ती या बाईंच्या वडलांनी स्वतःच्या हाताने मारलेली आहेत. माझी सही घ्या."

सरपंचाने बिल्ला उचलून उजेडात धरला. "हा तर तुमच्या दुकानातला," तो म्हणाला. "पेपरात आला होता. छर्रेवाला. त्यांचा कसा?"

गुरुजींचं पेन थांबलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. खरं सांगतो, हॉलमध्ये येईपर्यंत माझं काही ठरलेलं नव्हतं. जे आहे ते सांगायचं, एवढं एकच वाक्य मी घोकून आलो होतो.

"त्यांचाच आहे," मी म्हणालो. "पस्तीस वर्षांपूर्वी यांच्या वडलांनी माझ्याकडे दुरुस्तीला दिला होता. मागची कडी निखळली होती. मला बिल्ला आवडला. मी त्याच्यावरून एक नकली ओतून घेतला, तो त्यांना परत केला, आणि हा ठेवून घेतला. त्यांना डोळ्याला कमी दिसत होतं."

मी वाद होईल म्हणून थांबलो होतो. कोणी कशावरून म्हणालं नाही. कोणी पुरावा मागितला नाही. तासभर मी एकामागून एक खरं सांगत होतो तर माणसं गुडघ्यावर येऊन भांडत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी सरळ सरळ खोटं बोललो तर सगळ्या गावाने ते जागच्या जागी मानलं. मागून कोणीतरी म्हणालं, "तोंडावरून वाटलंच व्हतं." दुसरा म्हणाला, "घड्याळातबी असंच करत असंल. माझं घड्याळ याच्याकडून आणल्यापासून मागं पडतं." त्याचं घड्याळ मी कधी पाहिलेलं नव्हतं. सरपंच माझ्याकडे असं बघत होता, जसं मी इतके दिवस लोकांच्या बिल्ल्याकडे बघत आलो.

मग म्हातारी उठली. भिंतीचा आधार घेऊन उठली, सतरंजीवरच्या बायकांतून वाट काढत टेबलापर्यंत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, ही आता सांगून टाकते. तिने सांगून टाकावं असंच मला मनातून वाटत होतं.

"पस्तीस वर्सं ठिवून घेतला," ती मला म्हणाली. "पस्तीस वर्सं. एकदाबी वाटलं न्हाई, परत न्हेऊन द्यावा?"

मी मान खाली घातली.

"बा रोज सांजच्याला बिल्ला मागायचा. दिसायचं न्हाई त्याला. अंगठा फिरवायचा तीन टिंबांवर. हे माझं थोरलं, हे गेलेलं, हे धाकटं. तुमी बदलला त्या सांजंला अंगठा फिरवला न् थांबला. म्हणला, बाई, टोचंना झालं गं. मी म्हणले, घासून घासून गेलं बा. बापाशी खोटं बोलले मी. जलमात पयल्यांदा. तुमच्यापायी."

तिचा आवाज चढलेला नव्हता. तूर सोलताना बोलत होती तशीच बोलत होती. डोळे माझ्या तोंडावर होते, जराही हलले नव्हते, आणि तरी मला कळत होतं की यातला एकही शब्द माझा नाही. मी नुसता तिथे उभा होतो, दाराच्या चौकटीसारखा, आणि ती माझ्यातून पलीकडे बोलत होती.

"त्याला कळलं व्हतं," म्हातारी म्हणाली. "बाला. त्या दिसापासून त्यानं बिल्ला मागितला न्हाई. मरेपर्यंत न्हाई. मला एकदाच म्हणला, ज्यानं न्हेला त्यानं मागितला असता तर मी माझ्या हातानं दिला असता. त्याचंबी टिंब हाय त्याच्यावर, म्हणला."

इथे लोकांना जरा गोंधळल्यासारखं झालं. माझं टिंब त्यावर कसं असेल, असं कोणाच्या तरी तोंडावर आलं होतं. पण बोललं कोणी नाही, कारण टेबलाच्या टोकाला खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. गुरुजी उभे राहिले होते. डावा हात टेबलावर आला होता, मनगटावर माझ्या दुकानातलं ते चावीचं घड्याळ. दोन्ही हात टेबलावर टेकून ते उभे होते आणि त्यांच्याने बहिणीकडे बघवत नव्हतं.

"चुकलं, आक्का," ते म्हणाले.

सरपंच त्यांच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "गुरुजी, बसा. चोरी याची, तुमी काहून माफी मागून राहिले?"

गुरुजी बसले नाहीत. म्हातारी तेव्हा पहिल्यांदा माझ्यावरून नजर काढून त्यांच्याकडे वळली. मग तिने टेबलावरची वही त्यांच्यापुढे नीट सरळ केली आणि खाली पडलेलं पेन उचलून त्यांच्या हातात दिलं.

"बाचं नाव लिव," ती म्हणाली. "पूरं लिव."